विहीणबाईंचा रुसवा

“विहीणबाई, निदान घोटभर दूध तरी घ्या,” मी म्हटलं. ही तिसरी खेप.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या इंदुताई हलल्यासुद्धा नाहीत. पडदे ओढलेले, ऐन मे महिन्यात पंखा बंद, अंगावर शाल. खाली मांडवात सनई लावलेली, वऱ्हाडातली पोरंटोरं जिन्यात धुडगूस घालत होती, आणि नवऱ्या मुलाची आई जानवसघरात पाठ फिरवून पडलेली.

“ठेवा तिथं,” त्या भिंतीलाच म्हणाल्या. “आणि जा हो. कुणी येऊ नका.”

लग्न माझ्या लेकीचं, कार्यालय मी घेतलेलं, आणि मला म्हणे जा! पेला तिथंच आपटावासा वाटला. पण पडले मुलीची आई. पेला हळूच टेबलावर ठेवला आणि दार ओढून बाहेर आले.

व्हरांड्यात दादासाहेब खुर्ची टाकून बसले होते. दादासाहेब म्हणजे व्याह्यांचे थोरले भाऊ. अंबाजोगाईच्या गुंजकरांच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. आमचे व्याही शांतारामभाऊ माणूस भला, पण थोरल्या भावापुढे मूग गिळून बसायचे. आणि इंदुताई? थोरल्या दिरासमोर त्यांनी पदर सावरण्यापलीकडे आयुष्यात काही केलं नसेल.

“घेतलं दूध?” दादासाहेबांनी विचारलं.

“नाही.”

“नाहीच घेणार. मनाला लागलंय त्यांच्या.”

“अहो, पण काय लागलंय? मी कुठं कमी पडले ते सांगा तरी.”

“बाईमाणूस स्वतःच्या तोंडानं कसं सांगणार? आपणच ओळखायचं असतं.”

आणि मग ते ओळखत बसले. आधी म्हणाले, गाडी दारात लागली तेव्हा वाजंत्री हजर नव्हती. मी हात जोडले. मग म्हणाले, खोली मागच्या अंगाची दिली. मी माझ्या जावेला सामानासकट खोलीबाहेर काढलं आणि विहीणबाईंना पुढची खोली दिली. त्या भिंतीला धरून चालत आल्या आणि नव्या खोलीतही भिंतीकडे तोंड करून पडल्या. मग साडीचा रंग निघाला. त्यांना म्हणे मोरपंखी नको होता. माझा दीर वसंता स्कूटर काढून बाजारात गेला आणि उघडं सापडलं त्या दुकानातून डाळिंबी साडी घेऊन आला. साडी पायथ्याशी ठेवली, तर त्यांनी झोपल्या झोपल्या पायानं ती सरकवून दिली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडला सोमवार पेठेत आमची पिठाची गिरणी आहे. कल्याणी सहावीत असताना हे गेले, तेव्हापासून गिरणी मी चालवत होते. पट्टा मी बदलायचे, जात्याचा दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं टाकी मी लावायचे, आणि गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की मी साधं बोलले तरी लोकांना वाटतं भांडतेय. पोरीला त्या पिठात वाढवली, शिकवली. मनाशी एकच गोष्ट धरून ठेवली होती. तिचं कन्यादान मी करणार. माझ्या हातानं. दीर-जाऊ बसणार नाहीत, मामा-मामी बसणार नाहीत. आजवर तिचं सगळं केलं ते या हातांनी, मग शेवटचं तेवढं दुसऱ्याच्या हातानं का म्हणून?

घरात यावर भांडणं झाली. गुरुजींनी आढेवेढे घेतले. वसंता आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. पण कल्याणी म्हणाली, “आई बसणार नसेल तर मी कोर्टात जाऊन सही करते, तुम्ही जेवायला या,” तेव्हा सगळे गप्प झाले. विश्वजितला, म्हणजे जावयाला, तिनं आधीच सांगितलं होतं. तो नुसता “चालेल की” म्हणाला. त्याच्या घरी हे कितपत पोचलं होतं, देव जाणे.

त्या संध्याकाळी सीमांतपूजन. इंदुताईंना कशाबशा खाली आणल्या. मी पाय धुवायला वाकले, पायाला पाणी लागताच त्यांनी पाय इतक्या झटकन मागे ओढला, की तांब्या कलंडून माझी साडी ओली झाली. सगळ्यांसमोर. बायकांत कुजबुज उठली, “विहीणबाई रुसल्या, रुसल्या!” त्यांनी ना माझ्याकडे पाहिलं, ना कुणाकडे. त्यांच्या लेकीची पोर, सख्खी नात, मांडीवर बसायला आली, तिला खस्सकन बाजूला सारलं. पोर रडायला लागलं.

मुलाचं लग्न, आणि ही बाई अशी! साखरपुड्याला आली होती तेव्हा किती गोड होती. माझ्या गिरणीत येऊन स्वतः पसाभर ज्वारीचं पीठ चाळून पाहिलं होतं, “विहीणबाई, हात बसलाय हो तुमचा,” म्हणाली होती. ती बाई गेली कुठं?

जेवणं झाल्यावर दादासाहेबांनी मला आणि वसंताला बाजूला घेतलं.

“आता स्पष्टच सांगतो,” ते म्हणाले. “मला आज गुरुजींकडून कळलं, कन्यादानाला तुम्ही बसणार. वहिवाट नाही ही. नवरा नसलेल्या बाईनं शुभकार्यात हात लावायचा? इंदूला हेच लागलंय.”

“त्या असं म्हणाल्या?”

“म्हणायला कशाला पाहिजे? बघताय ना कशी पडलीय ती.”

“मग मी त्यांनाच विचारते.”

“विचारून आणखी दुखवू नका,” ते म्हणाले. “वसंतराव आणि त्यांची मंडळी बसतील, एवढं कबूल करा. सकाळी ती आपसूक उठेल.”

वसंता लगेच, “वहिनी, कशाला ताणायचं? पोरीला त्याच घरात नांदायचंय.”

मी बोलले असते तर कार्यालयाचे पत्रे उडाले असते. एवढं सगळं करून, शेवटी जे एकच मागितलं होतं त्यावरच यांचा डोळा!

सकाळी हळद. विश्वजित पाटावर बसला, आणि त्याची आई हळद लावायला खाली आलीच नाही. एकुलता एक मुलगा हो! मोठ्या चुलतीनं पहिली हळद लावली. तो सारखा जिन्याकडे बघत होता.

“आईला बरं वाटत नाहीये का?” त्यानं विचारलं.

“बरं आहे तिला,” दादासाहेब म्हणाले. “तुझ्या सासूबाईंच्या हातात आहे सगळं.”

तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला. कल्याणीनंही ते ऐकलं. हळदीनं पिवळी झालेली माझी लेक दारात उभी, तिचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, मरू दे. माझ्या हौसेपायी पोरीच्या संसाराला पहिल्याच दिवशी विष कशाला? सोडून दे रत्नमाला, सोडून दे.

मी तरातरा जिना चढले. दार लोटलं.

“विहीणबाई, सोडलं मी,” दारातूनच म्हणाले. “कन्यादानाला वसंता आणि माझी जाऊ बसतील. मी मागे उभी राहीन. झालं तुमच्या मनासारखं? आता उठा, तोंड धुवा आणि खाली चला. मुलगा वाट बघतोय तुमची.”

काही नाही. हूं नाही की चूं नाही.

मी तिथंच उभी राहिले. लहानपणापासून लग्नं बघत आले. रुसलेल्या विहिणी पाहिल्या, रुसलेले जावई पाहिले, आमच्या चुलत सासूबाई तर दर लग्नात रुसायच्या. रुसलेल्या माणसाचा एक डोळा दाराकडे असतो. कोण आलं, काय आणलं, किती वेळ विनवतंय, सगळं तो बघत असतो. आणि मनासारखं झालं की आधी जरा आढेवेढे, मग पदर सावरून उठणं. या बाईनं तर साधी मान वळवली नाही. जिंकलेल्याला जिंकल्याचं भान तरी हवं ना?

मी पडदा सरकवला. ऊन तोंडावर पडताच त्या कण्हल्या आणि हातानं डोळे झाकले. मी जवळ गेले, हात धरला. गार, घामेजलेला. श्वास भराभरा चाललेला. ओठ सुकून भेगा पडलेल्या.

“इंदुताई, इकडं बघा. काय होतंय?”

“फार मोठ्यांदा बोलतात सगळे,” त्या पुटपुटल्या. “घरी न्या मला.”

“आज काय आहे आज?”

त्यांनी खूप विचार केला. “सोमवार,” म्हणाल्या.

अहो, लग्न होतं आज! बाईला मुलाचं लग्न आठवेना.

“पाणी प्यालात का सकाळपासून?”

“गाडीत नाही प्यायले. प्यालं की जावं लागतं. उतरणार कुठं बाईमाणूस?”

“ते कालचं. आणि त्यानंतर?”

“जळजळतं फार,” त्या म्हणाल्या. “चार दिवस झाले. कुणाला सांगू नका. लग्नघर आहे.”

पाठीला हात लावला तर कळवळल्या. मी व्हरांड्यात येऊन अशी ओरडले की सनईवाल्यानं सनई थांबवली.

“गाडी काढा! दवाखान्यात न्यायचंय यांना!”

दादासाहेब उठून आडवे आले. “शेडगेबाई, आता हे नवीन काय काढलंत? ताप आहे का तिला? मी सकाळी विचारलं, तीच म्हणाली काही नाही. मुहूर्त टळेल.”

“टळू द्या!”

“दोनशे माणूस जमलंय खाली! अक्षता पडू द्या, मग न्या कुठं न्यायचं तिथं. रुसलेली बाई दवाखान्यात नेतात का कुणी? लोक हसतील.”

“हसू द्या लोकांना! आणि तुम्ही बाजूला व्हा, नाहीतर धक्का लागेल माझा.”

विश्वजित अंगाला हळद घेऊन तसाच वर आला होता. त्यानं चुलत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेला. आईला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणली. पांढरी शाल हळदीनं माखली. “आई नसेल तर लग्न नाही, दादा,” एवढंच म्हणाला आणि जिना उतरला. शांतारामभाऊ कधी नव्हे ते धावत सुटले, गाडीचं दार त्यांनी उघडलं.

आम्ही गेलो. मागं मुहूर्त टळला, आणि दोनशे माणसांनी न झालेल्या लग्नाची जिलेबी खाल्ली.

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण कामाला चलाख. सलाईन लावलं, रक्त घेतलं, लघवी तपासायला पाठवली. तासाभरानं आम्हाला आत बोलावलं.

“मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग झालाय आणि तो रक्तात पसरलाय,” ती म्हणाली. “साखर चारशेच्या वर, रक्तदाब घसरलेला. आणखी सात-आठ तास गेले असते तर मला काही सांगता आलं नसतं. इतके दिवस काय केलंत तुम्ही?”

“समजूत काढत होतो,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

मी तिला सगळं सांगितलं. वाजंत्री, खोली, डाळिंबी साडी, सगळं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

“मावशी, जंतू शिरले की अंगातल्या पेशी लढायला उठतात,” ती म्हणाली. “लढता लढता त्या रक्तात काही रसायनं सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो. निरोप असा की बाकीचं सगळं आता बंद कर. खाऊ नको, हिंडू नको, माणसांत बसू नको, पडून राहा, सगळी ताकद या लढाईला लागू दे. मग माणसाची भूक जाते, उजेड नको होतो, आवाज नको होतो. चिडचिड होते. जवळची माणसंसुद्धा नकोशी होतात. आजारी गाय कळपातून बाजूला जाऊन बसते, पाहिलंय ना?”

“पण ताप कुठं होता?”

“साखर असलेल्या, वय झालेल्या माणसांना कधीकधी ताप येतच नाही. आधी वागणं बदलतं. आणि यांचा आजार तर इतका वाढला की शेवटी भानही हरपायला लागलं.”

“मग हे सगळं त्या जंतूंनी केलं?”

“नुसत्या जंतूंनी नाही. त्यांच्या स्वतःच्याच अंगानं, त्यांना वाचवण्यासाठी. वागणं आजारी माणसाचं होतं, तुम्ही ते स्वभावाचं समजलात.”

म्हणजे दीड दिवस मी एका मूत्रपिंडाची मनधरणी करत होते! त्याला साडी दाखवत होते, त्याला पुढची खोली देत होते. हसू की रडू कळेना. बाकड्यावर बसले आणि दोन्ही केलं.

तिसऱ्या दिवशी इंदुताई उशीला टेकून बसल्या. मी मऊ भात नेला होता, चार घास खाल्ले.

“विहीणबाई, ऐकू सगळं येत होतं मला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दूध घेऊन आलात, साडी आणलीत. पण आत काही उमटतच नव्हतं. मुलाचं लग्न आहे हे ठाऊक होतं, तरी ते दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचं वाटायचं. नातीची पैंजणं वाजली तरी मारावंसं वाटायचं तिला. मला वाटलं, मी अशी कशी झाले? वाईट झाले का मी? म्हणून कुणाला सांगितलं नाही.” त्या रडायला लागल्या. मी त्यांचे डोळे पुसले.

मग मला राहवेना. “आणि मी कन्यादानाला बसणार, याचा राग?”

“कसलं कन्यादान?”

“म्हणजे तुम्हाला माहीतच नाही?”

“मला कोण सांगणार? घरात मला कोण विचारतं?”

मी कपाळाला हात लावला. दादासाहेब काय म्हणाले ते सांगितलं.

“खरं सांगू? राग नका धरू,” त्या म्हणाल्या. “धडधाकट असते आणि तुम्ही विचारलं असतंत, तर मीही नकोच म्हटलं असतं. आमच्यात नाही करत असं. मनात भीती असते हो. पोरांना काही झालं म्हणजे?”

एवढं सगळं होऊन पुन्हा तेच! माझा पारा चढला.

“इंदुताई, हे गेले तेव्हा ती सहावीत होती. तिला न्हाऊ-माखू घातलं ते या हातांनी. परवा त्या खाटेवर तुमचा गार पडलेला हात धरला तोसुद्धा यांनीच. तेव्हा नाही वाटली भीती? आणि आता हेच हात अपशकुनी?”

त्यांनी शाल ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. या वेळी मला काही केल्या कळेना की हा आजार आहे की रुसवा. डबा उचलला आणि निघाले. वाटेभर स्वतःशी बडबडत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता.

इंदुताईंना दवाखान्यातून सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दत्ताच्या देवळात लग्न ठरलं. दोन्हीकडची मिळून तीस-पस्तीस माणसं. ना बँड, ना रुखवत. इंदुताईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, मनगटावर सुईचा काळानिळा डाग. आल्यापासून माझ्याशी बोलल्या नव्हत्या. मीही गेले नाही बोलायला. किती वेळा विनवायचं माणसानं?

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. गुरुजींनी ताम्हन पुढं ओढलं. “कन्यादानाला कोण बसतंय?”

हळदीच्या दिवशी सोडलं म्हटलं होतं, पण आता नाही; मी पुढे झाले. तेवढ्यात दादासाहेब घसा खाकरले.

“वसंतराव आणि त्यांची मंडळी बसतील. तसं ठरलंय. इंदूची तशी इच्छा आहे.”

वसंता उठला. माझी जाऊ उठली. कल्याणी माझ्याकडे बघत होती, तिचे डोळे भरून आले होते. मी भांडायला तोंड उघडलं, पण पोरीच्या डोक्यावर अक्षता होत्या. तिथं कसं भांडू?

“दादासाहेब,” मागून आवाज आला.

क्षीण आवाज, पण सगळ्यांनी माना वळवल्या. इंदुताई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या होत्या. शांतारामभाऊ सावरायला गेले, त्यांनी त्यांचा हात बाजूला केला.

“मी रुसले नव्हते,” त्या म्हणाल्या. “आजारी होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.”

“अगं इंदू, बस, चक्कर येईल,” दादासाहेब म्हणाले.

“बसते. पण आता बरी आहे मी. माझं काय ते मी सांगेन.” त्यांना धाप लागली होती. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भीती वाटते मला. अजूनही वाटते. वाटू दे. बसा विहीणबाई, पोरगी केव्हाची ताटकळलीय.”

वसंता आणि माझी जाऊ परत आपल्या जागी बसली. मी कल्याणीशेजारी पाटावर बसले आणि तिचा हात हातात घेतला.